कानाच्या सीटीत 'लो डोस' आणि 'हाय रेझोल्यूशन' दोन्ही एकदम कसं जमतं?

उनाड_पाऊस

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

लेक साडेचार वर्षांची. जन्मल्यावरच्या श्रवणचाचणीत पास झाली होती, बोलायलाही वेळेत लागली. गेल्या सात-आठ महिन्यांत मात्र मागून हाक मारली की वळेना. आधी वाटलं खेळात लक्ष नसतं. तपासलं तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय, उजव्याने जास्तच कमी. पडदा ठीक आहे, मागे पाणी साठलेलं नाही. डॉक्टरांनी आतल्या कानाचा सीटी लिहून दिलाय. कागदावरचे शब्द: 'एचआरसीटी टेम्पोरल बोन, प्लेन, लो डोस'. एचआर म्हणजे हाय रेझोल्यूशन, टेम्पोरल बोन म्हणजे कानाचं हाड.

आता माझा किडा. मी हौशी फोटोग्राफर. उजेड कमी आणि बारकावे जास्त असं एकदम मागितलं की कॅमेरा दाणे देतो, हे कित्येक रात्री वाया घालवून शिकलोय. मग इथे किरण कमी आणि चित्र मात्र अर्ध्या मिलिमीटरचं, हे कसं? की 'लो डोस' हा शब्द आईबापांची समजूत काढायला लिहितात? आणि खरंच किरण कमी वापरले आणि जे बघायचं नेमकं तेच निसटलं तर? दुसऱ्यांदा स्कॅन करावा लागला तर वाचवलेलं सगळं पाण्यात.

अनुभवी लोकांनी लिहा. घाबरवलंत तरी चालेल, पण कारणासकट घाबरवा.

फुकटफौजदार

"कारणासकट घाबरवा" हे आवडलं. वाचनखूण साठवली.

रेडिओवाला

सीटीच्या खोलीत १६ वर्षं काढलीत, त्यामुळे बटण दाबणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

आधी जागा किती ते बघा. आम्ही स्कॅन करतो तो पट्टा उभा मोजला तर चार-पाच सेंटिमीटर. वर अर्धवर्तुळाकार नलिकेने (आतल्या कानातली, तोल सांभाळणारी) हाडाला आणलेला उंचवटा, खाली कानामागच्या मास्टॉइड हाडाचं टोक, संपला विषय. सुरुवातीला स्काउट नावाचं एक साधं चित्र काढतो आणि त्यावर दोन रेघा ओढून पट्टा ठरवतो. तिथे हात सैल सुटला आणि रेघ दोन सेंटिमीटर वर गेली की तेवढे किरण फुकट डोक्यात. डोस वाचवायचं काम मशीनच्या जाहिरातीच्या आधी या दोन रेघांत होतं.

मग हनुवटी. ती छातीकडे थोडी ओढून घेतली की डोळ्याचं भिंग बहुतेक वेळा पट्ट्याबाहेर राहतं. डोकं बोगद्याच्या बरोब्बर मध्यावर हवं, लेझरची लाल रेघ नाकाच्या शेंड्यावरून सरळ खाली यायला हवी. खाली-वर झालं तर मशीनचे हिशेब चुकतात, खरखर (तुमचे दाणे) वाढते. लहान मुलांना १२० किलोव्होल्टऐवजी १०० किंवा ८० लावतो. 'प्लेन' म्हणजे शिरेत औषध नाही आणि फेरी एकच.

एक गैरसमज नेहमी ऐकतो. पालक स्क्रीनवर शेकडो चित्रं बघतात आणि विचारतात, "एवढे एक्स-रे काढले?" तसं नाही. किरण सुरू असतात ते काही सेकंद. तेवढ्यात गोळा झालेल्या आकड्यांवरून ०.५-०.६ मिलिमीटरचे काप, डावा कान वेगळा, उजवा वेगळा, आडवे, उभे, तिरके असं हवं तेवढ्या वेळा रचता येतं. त्याला एकही जादा किरण लागत नाही.

आणि सगळ्यात जास्त डोस कशाने वाया जातो सांगू? हललेल्या मुलाने. अर्ध्या मिलिमीटरच्या खेळात एक मोठा उसासा पुरतो. त्यामुळे घरी 'पुतळा-पुतळा' खेळा. डोळे उघडे, अंग दगड, दहा आकडे. विनोद करत नाहीये.

गणिती_गोंधळ

माझं काम हॉस्पिटलातल्या किरणांचे हिशेब ठेवायचं. धागाकर्त्याची शंका रास्त आहे, भौतिकशास्त्र त्याच्याच बाजूने आहे.

डोस निम्मा केला की खरखर दुप्पट होत नाही, १.४ पट होते. इथवर ठीक. उलटी बाजू क्रूर आहे. तिन्ही दिशांनी बारकावा दुप्पट हवा आणि खरखर वाढू द्यायची नाही असं म्हणालात तर डोस १६ पट लागतो. चित्राचा एक ठोकळा तिन्ही बाजूंनी निम्मा झाला म्हणजे ८ पट असं सहज वाटतं. पण सीटीचं चित्र कॅमेऱ्यासारखं टिपलं जात नाही, गणिताने रचलं जातं, आणि ते गणित कडा धारदार करताना खरखरही उपसून वर आणतं. उरलेलं दुप्पट तिथे जातं.

मग सुटका कशी होते? कानामुळेच. सीटीच्या मोजपट्टीवर हवा उणे १०००, पाणी ०, आणि आतल्या कानाभोवतीचं हाड २००० च्या आसपास. शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड आहे ते. उलट मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांतला फरक जेमतेम ५ ते १०. आता चित्रात १०० ची खरखर आहे असं धरा. मेंदूचा त्यात चिखल होईल. कानाच्या हाडावर ती नुसती धूळ. म्हणून मेंदूच्या सीटीत चालणार नाही एवढी खरखर इथे खुशाल सोसता येते आणि किरण कमी करता येतात.

उनाड_पाऊस

म्हणजे मंद उजेडात धुक्यातला बगळा टिपायचा की पाटीवरची खडूची अक्षरं. दाणे दोन्ही फोटोंत तेवढेच, पण अक्षरं वाचता येतात. पोचलं. धन्यवाद दोघांनाही.

'पुतळा' कालपासून सुरू केलाय. मी हरतोय.

खडूस_आजोबा

सगळं छान, पण मुळात सीटी कशाला? नातवाच्या वेळी आम्ही ठाम नाही म्हणालो. एमआरआय केला. एकही किरण नाही आणि आतला कान अगदी काढून ठेवल्यासारखा दिसला. लहान मुलांच्या डोक्यात किरण घालायची सवय लागली आहे लोकांना. लो डोस म्हणजे कमी विष, विष नव्हे असं नाही.

निळी_छत्री

आजोबांना +१.

कानाखाली

(आयडीवर जाऊ नका, कान-नाक-घसा हाच धंदा.)

आजोबा, तुमचा मुद्दा चुकीचा नाही, अर्धा आहे. मुलांमध्ये आधी एमआरआय करावा असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे कारणं आहेत. एमआरआयला आतल्या कानातला द्रव दिसतो आणि मेंदूकडे जाणारी ऐकण्याची नस दिसते. सीटीला नस दिसत नाही, तिच्यासाठी हाडात कोरलेली वाट तेवढी दिसते. ती वाट फारच अरुंद असेल तर नस बारीक असेल किंवा नसेलच अशी शंका घ्यायची. आणि नसच नसेल तर कॉक्लियर इम्प्लांटचा (कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या शंखात, तारा बसवून ऐकवणाऱ्या यंत्राचा) उपयोग होईल का, हा मोठा प्रश्न.

आता दुसरा अर्धा. एमआरआयमध्ये अर्धा तास तरी निश्चल पडायचं, तेही ठोके घालणाऱ्या यंत्रात. साडेचार वर्षांच्या बहुतेक मुलांना त्यासाठी भूल लागते, आणि भूल हीसुद्धा फुकट मिळणारी गोष्ट नाही. सीटी काही सेकंदांत उरकतो. शिवाय हाडाचे प्रश्न हाडालाच विचारावे लागतात. मेंदूज्वरानंतर कॉक्लियात हाड भरायला लागलंय का, चेहऱ्याची नस नेहमीच्या वाटेने जाते की आडवाटेने, रिकिबीजवळचं (रिकीब म्हणजे मधल्या कानातलं इवलंसं हाड) हाड भुसभुशीत झालंय का. शस्त्रक्रिया करायची तर ड्रिल हातात घेण्याआधी हे कळलेलं बरं.

धागाकर्त्याच्या लेकीबद्दल मी निदान करणार नाही, तो तिच्या डॉक्टरांचा अधिकार. पण जन्माला ऐकणं ठीक, नंतर दोन्ही बाजूंनी घसरण, तीही कमी-जास्त, असं असलं की आमच्या डोक्यात पहिली वाजणारी घंटा म्हणजे 'एन्लार्ज्ड व्हेस्टिब्युलर ॲक्विडक्ट'. आतल्या कानातून मेंदूच्या आवरणाकडे जाणारी हाडातली एक बारीक खाच असते, ती रुंद असते या मुलांत. व्हॅल्व्हासोरी आणि क्लेमिस यांनी १९७८ मध्ये वर्णन केलं तेव्हा मधोमध दीड मिलिमीटरपेक्षा जास्त ही मर्यादा धरली होती. आता बरेच जण मधोमध ०.९ आणि तोंडाशी १.९ च्या वर गेली की रुंद म्हणतात. मापपट्टी नसेल तर शेजारच्या मागच्या अर्धवर्तुळाकार नलिकेशी तुलना करायची. खाच तिच्याहून जाड दिसली की थांबून बघायचं.

म्हणजे भांडण सगळं अर्ध्या मिलिमीटरचं. जाडे काप का चालत नाहीत, कळलं?

खडूस_आजोबा

भुलेचं म्हणणं मान्य. नातवालाही द्यावी लागली होती, आणि तो शुद्धीवर येईपर्यंत सुनेने आणि मी एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. पण ही खाच एमआरआयमध्येही दिसते ना? तुम्हीच म्हणालात द्रव दिसतो म्हणून.

कानाखाली

दिसते. त्यातली पिशवी तर जास्तच छान दिसते. म्हणूनच म्हणालो, अर्धा मुद्दा. काही ठिकाणी दोन्ही करतात, काही ठिकाणी आधी एक करून गरज पडली तरच दुसरं. डॉक्टरांना एक सरळ प्रश्न विचारा: "यातून काय दिसलं तर तुम्ही उपचार बदलाल?" उत्तर नीट मिळालं तर स्कॅन करा.

भोवरा

मी मोठ्यांचं उदाहरण देते, पण मुद्दा तोच, कापाच्या जाडीचा.

मला स्वतःचे डोळे ऐकू यायचे. शब्दशः. वाचताना ओळ संपून नजर पुढच्या ओळीवर आली की डाव्या कानात पॉलिश पेपर घासल्यासारखं 'खर्र'. चालताना टाच पडली की ढोलावर टिपरू पडल्यासारखं डोक्यात. स्वतःचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. नाक शिंकरलं की खोली सरकायची. हे सगळं एका दमात सांगितलं की समोरचा माणूस पेन खाली ठेवून विचारायचा, "झोप होते का व्यवस्थित?"

डोक्याचा साधा सीटी झाला, ५ मिलिमीटरचे काप. नॉर्मल. मग एका ठिकाणी रिकीब घट्ट झाली असेल, बदलू या, असंही सुचवलं गेलं, कारण ऑडिओग्राम थोडा तसाच दिसत होता. शस्त्रक्रियेची तारीख ठरायची तेवढी बाकी होती. सेकंड ओपिनियनला गेले तर त्या बाईंनी काहीच न बोलता ट्यूनिंग फोर्क काढला, गुडघ्यावर आपटला आणि माझ्या पायाच्या घोट्यावर टेकवला.

मला डाव्या कानात ऐकू आला. घोट्यावरचा!

त्या हसल्या आणि म्हणाल्या, आता कानाचा एचआरसीटी, आणि काप वरच्या नलिकेच्या रेषेत तिरके रचून मागवा. त्याला पोश्ल प्लेन म्हणतात हे नंतर कळलं. त्या एका चित्रात नलिकेची सबंध कमान दिसते. माझ्या कमानीच्या माथ्यावरचं हाडच नव्हतं. सुपीरियर कॅनॉल डिहिसन्स. लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये हा आजार पहिल्यांदा मांडला. आतल्या कानाला खिडक्या दोन असतात, मला फुकटात तिसरी मिळाली. म्हणून शरीरातला प्रत्येक आवाज आत.

डोस तेव्हा विचारला नाही. खरं तर साध्या डोक्याच्या सीटीचे किरण वाया गेले, कारण प्रश्नच चुकीचा विचारला होता. त्याचा राग मात्र अजून आहे.

फुकटफौजदार

म्हणजे तुम्ही कुणावर डोळे वटारले की आवाज तुम्हालाच येणार. केवढा न्याय आहे हा.

भोवरा

वटारण्याला आवाज नसतो, फिरवण्याला असतो. तपासून पाहिलंय.

रेडिओवाला

भोवराताई, तुमच्या उलट चूकही होते. हाड पापुद्र्याएवढं असेल, पण आहे. काप जाड असला की एका ठोकळ्यात थोडं हाड, थोडा द्रव येतो आणि सरासरीत हाड पुसलं जातं. चित्रात भोक, प्रत्यक्षात भोक नाही. नुसत्या सीटीवर हे निदान करू नये म्हणतात ते यासाठीच. तुमचीही ती मानेच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून करतात ती टेस्ट केली असणार.

भोवरा

व्हेम्प. हो, केली. कानात टॉक-टॉक, मान वळवून धरायची. मान दोन दिवस धरली होती.

झोपाळू_जागा

माझी कथा लहान आणि लाजिरवाणी. कूस बदलली की पलंग गरगरायचा. घाबरून हट्टाने कानाचा सीटी करवून घेतला, डॉक्टर नको म्हणत असताना. अर्थातच काही नाही. मग त्यांनी मला झपकन आडवं करून मान एका बाजूला लटकवली, डोळे बघितले आणि मिनिटभरात म्हणाले, स्फटिक सुटलेत. त्याच बैठकीत डोकं चार-पाच वेळा फिरवून जागेवर घातले. हे स्फटिक मायक्रॉनमध्ये मोजायचे असतात, कुठल्याच सीटीत दिसत नाहीत. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. इथे लिहितोय म्हणजे अजून एक तरी हट्टी वाचेल.

कानाखाली

सहमत. मेनिएरचंही (आतल्या कानातल्या द्रवाचा, चक्कर आणणारा आजार) तसंच. सीटीमध्ये आतल्या कानातले दोन द्रव वेगळे ओळखू येत नाहीत, त्यामुळे सीटी नॉर्मल आला म्हणजे मेनिएर नाही असं होत नाही.

अश्मयुग

अवांतर आहे, पण राहवत नाही. हे घट्ट हाड आमच्या विषयातली तिजोरी आहे. प्राचीन सांगाड्यांतला डीएनए सगळ्यात चांगला टिकतो तो याच हाडात. आणि कानाच्या सीटीने माणसाच्या उत्क्रांतीतही हात घातलाय. १९९४ मध्ये स्पूर, वुड आणि झोनेव्हेल्ड यांनी जीवाश्म कवट्यांचे सीटी काढून अर्धवर्तुळाकार नलिका मोजल्या. ऑस्ट्रेलोपिथेकसच्या नलिका वानरांच्या वळणाच्या निघाल्या, होमो इरेक्टसच्या आपल्यासारख्या. दोन पायांवर तोल सांभाळत धावणाऱ्याची खूण हाडातल्या पोकळीत सापडली. जाता जाता, आमच्या पेशंटना लो डोसची गरज नसते. हलतही नाहीत.

रेडिओवाला

असे पेशंट रोज पाठवा.

गणिती_गोंधळ

अवांतरात माझीही भर. सीटीचे जनक हौन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ ला पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी काढला. चित्र ८० गुणिले ८० ठिपक्यांचं, कापाची जाडी सुमारे १३ मिलिमीटर. आपली कॉक्लिया पायथ्याशी ९ मिलिमीटर रुंद आणि उंचीला ५. म्हणजे अख्खा शंख एका कापात बुडाला असता, रुंदीला तीन ठिपके. आज त्याच शंखाची अडीच-पावणेतीन वळणं मोजतो आपण.

निळी_छत्री

मूळ विषयावर येऊ. हल्ली 'लो डोस' म्हणजे कमी किरणांचं खराब चित्र एआयने साफ करून देणं असं ऐकलं. मोबाइल चंद्राचा फोटो 'सुधारतो' तसं असेल तर मला भीती वाटते. खाच रुंद नसताना रुंद दाखवली किंवा उलट, तर?

गणिती_गोंधळ

भीती योग्य जागी आहे. यात दोन पिढ्या आहेत. जुनी रीत अशी: चित्राचा अंदाज करायचा, त्यावरून मोजणी कशी आली असती ते काढायचं, खऱ्या मोजणीशी ताडायचं, चुकलं ते दुरुस्त करायचं, पुन्हा ताडायचं. इथे दर फेरीला खऱ्या मोजणीला उत्तर द्यावं लागतं. नवीन रीत शिकवलेल्या जाळ्याची (न्यूरल नेटवर्क), म्हणजे तुमच्या एआयची. चांगल्या आणि खरखरीच्या चित्रांच्या जोड्या दाखवून त्याला खरखर ओळखायला शिकवलेलं असतं. नेहमीच्या रचनेत ते सुरेख काम करतं. पण कानात आपण शोधतो तेच मुळी नेहमीपेक्षा वेगळं. म्हणून मी स्वतः रेडिओलॉजिस्टना सांगतो, साफ केलेल्या चित्राबरोबर साध्या पद्धतीने रचलेला एक संचही उघडा ठेवा. तो कुरूप असतो. असू दे.

उनाड_पाऊस

मी पण मूळ फाइल कधीच डिलीट करत नाही, म्हणून हे पटलं. आणखी दोन प्रश्न. दातांच्या डॉक्टरांकडे असतं तसं बसून करायचं कोन बीम मशीन कानालाही वापरतात म्हणे, डोस कमी? आणि डोळ्यांवर, गळ्यावर शिशाचं काही झाकण घालायला सांगू का?

रेडिओवाला

कोन बीममध्ये ठिपका ०.१ मिलिमीटरच्या आसपास मिळू शकतो, डोसही बऱ्याचदा कमी. हाडाला उत्तम, रिकीब आणि इम्प्लांटच्या तारा बघायला तर सुंदरच. पण फेरी सावकाश, १० ते ४० सेकंद. पुतळ्यात बापाला हरवणाऱ्या मुलीला जमेल कदाचित, पण मी पैज लावणार नाही.

झाकणाचं म्हणाल तर डोळ्यांवर बिस्मथची पट्टी ठेवायची पद्धत होती. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने, एएपीएमने, तिच्याऐवजी दुसरे उपाय वापरा असं सांगितलेलं आहे. पट्टी चित्रात रेघोट्या आणते, आणि मशीन स्वतःहून किरण कमी-जास्त करणारं असेल तर पट्टी बघून किरण वाढवूही शकतं. हनुवटी आत, हेच झाकण.

गणिती_गोंधळ

भिंगाची काळजी मात्र फुकाची नाही. २०११ मध्ये आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने मोतीबिंदूसाठीची उंबरठ्याची मात्रा ०.५ ग्रेवर (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) खाली आणली. कानाचा एक सीटी त्याच्या आसपासही जात नाही, पण ज्या मुलांचे स्कॅन पुन्हा पुन्हा होतात त्यांची बेरीज होत राहते.

मशीनचं विचारलंच आहे तर फोटॉन-काउंटिंग सीटीबद्दल दोन ओळी. नेहमीचा डिटेक्टर किरणांचा आधी प्रकाश करतो, मग विजेचा संकेत. प्रकाश शेजारच्या घरात सांडू नये म्हणून मध्ये भिंती घालाव्या लागतात, आणि त्या भिंतींवर पडलेले किरण वाया. रुग्णाच्या शरीरातून आरपार आलेले किरण हो! काही जुन्या यंत्रांत जास्त बारकाव्यासाठी डिटेक्टरवर जाळी सरकवत, म्हणजे आणखी वाया. फोटॉन-काउंटिंगमध्ये कॅडमियम टेल्युराइडचा स्फटिक प्रत्येक फोटॉन थेट मोजतो. भिंती नाहीत, जाळी नाही, ०.२ मिलिमीटरचे काप. सीमेन्सच्या अशा यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. कानासाठी ही मोठी उडी आहे, कारण इथे बारकावा वाढला आणि डोस घटला, दोन्ही एकदम.

पण ते जवळ नाही म्हणून थांबू नका. नीट लावलेलं साधं मशीन तुमच्या प्रश्नाला पुरेसं आहे.

खडूस_आजोबा

काय झालं पुढे? तीन आठवडे झाले, धागाकर्ता गायब.

उनाड_पाऊस

आजोबा, आलो. कामात आणि काळजीत होतो.

डॉक्टरांना 'कानाखाली' यांचा प्रश्न विचारला. त्या रागावल्या नाहीत. खाच रुंद निघाली तर काय काय बदलेल ते सांगितलं आणि भूल नको म्हणून आधी सीटी, एमआरआय लागला तर नंतर, असं ठरलं.

स्कॅनच्या दिवशी टेक्निशियनने लेझर लावल्यावर लेक म्हणाली, "नाकावर लाल मुंगी आहे." तो म्हणाला, "ती उडाली तर आपण हरलो." पापणी सोडून काही हललं नाही. मी शिशाचा कोट घालून शेजारी उभा होतो, तिचा पाय धरून, आणि थरथरत कोण होतं तर मी. एकाच फेरीत झालं.

डोसचा कागद मागून घेतला. डीएलपी (सबंध स्कॅनच्या किरणांचा आकडा) ९२ लिहिलंय. गणिती साहेब?

रिपोर्ट: कॉक्लिया दोन्हीकडे व्यवस्थित, वळणं पुरी. व्हेस्टिब्युलर ॲक्विडक्ट दोन्ही बाजूंना रुंद, मधोमध उजवीकडे २.१ मिलिमीटर, डावीकडे १.७. घंटा बरोबर वाजली होती, डॉक्टर. आता जनुकाची तपासणी आणि थायरॉइड सांगितलंय. श्रवणयंत्रं आली आहेत, निळी निवडली तिने. डोक्याला मार लागू द्यायचा नाही असंही म्हणाल्या. साडेचार वर्षांच्या मुलीच्या. बघू.

गणिती_गोंधळ

पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यासाठी गुणक ०.००४ धरतात. ९२ गुणिले ०.००४ म्हणजे ०.३७ मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, अवकाश यांतून प्रत्येकाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिळतातच. म्हणजे दोन महिन्यांच्या जरा आत. ज्याने रेघा ओढल्या त्याला माझा नमस्कार सांगा.

कानाखाली

नीट पकडलंत. जनुक म्हणजे एसएलसी२६ए४ असणार, थायरॉइड त्याच्याचमुळे. सायकल चालवताना हेल्मेट, डोक्यावर आपटायचे खेळ टाळायचे, पण तिला काचेच्या कपाटात ठेवू नका. किती बंधनं घालावीत यावर आमच्यातही एकमत नाही. आणि पुढे कधी ऐकणं फार घसरलंच, तर या मुलांना इम्प्लांटचा उपयोग चांगला होतो. फक्त सर्जनला आधी माहीत हवं, कारण कॉक्लिया उघडताना द्रव उसळून येऊ शकतो. ही डिस्क जपून ठेवा, तेव्हा लागेल.

खडूस_आजोबा

एका फेरीत, भूल न देता. बरं झालं. एमआरआयबद्दलचं माझं मत कायम आहे हे नोंदवून ठेवतो. निळा रंग चांगला.

उनाड_पाऊस

डिस्कच्या दोन कॉप्या केल्या. रात्री स्वतः उघडून बसलो, पण हाडाच्या जागी सगळं पांढरंफटक दिसतंय, आत काहीच नाही. फाइल खराब आहे का?

रेडिओवाला

तुमचं सॉफ्टवेअर मेंदूच्या विंडोवर उघडलंय, म्हणजे मोजपट्टीचा मेंदूपुरताच तुकडा करड्या छटांत दाखवतंय. रुंदी ४००० करा, मध्य ७०० च्या आसपास. आणि डाव्या-उजव्या कानाचे वेगळे संच असतील त्यातला एक घ्या, सबंध डोक्याचा नको.

उनाड_पाऊस

केलं. कापामागून काप सरकवत गेलो. आधी शंख उगवला, मग मागची नलिका, एवढासा ठिपका. आणि तिच्या पलीकडे ती, तिच्या दुप्पट जाड, तिरकी, हाडातून बाहेर जाणारी.

दाणे भरपूर आहेत. एखाद्या स्पर्धेला हा फोटो पाठवला असता तर पहिल्या फेरीत बाद झाला असता. खाच मात्र स्पष्ट दिसतेय.